वॉर्डाला नर्स किती लागतात आणि पुढची इन्चार्ज कशी तयार करायची: मेट्रन आणि व्यवस्थापनासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डाची प्रमुख नर्स, ३१ तारखेला निवृत्त होते आणि १ तारखेला सकाळी सगळ्यात जुन्या स्टाफ नर्सच्या हातात चाव्यांचा जुडगा पडतो. तिला ड्युटी लिस्ट लावता येत नाही, इंडेंट (औषधं-सामानाचा मागणीपत्रक) कधी भरलेला नाही, नार्कोटिक्सच्या (मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांच्या) रजिस्टरवर आजवर फक्त सही केलेली आहे. महिन्याभरात वॉर्ड विस्कटतो, दोन मुली राजीनामा देतात, आणि मग व्यवस्थापन म्हणतं, "नर्स टिकतच नाहीत."

माझी तीस वर्षं वॉर्डात आणि मेट्रन ऑफिसात गेली. आता मी जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणच्या मध्यम हॉस्पिटलांना याच कामात मदत करते. सगळीकडे दोन चुका सारख्याच दिसतात. नर्स किती लागतात हे खाटा मोजून ठरवतात, आणि नेतृत्वाची तयारी खुर्ची रिकामी झाल्यावर सुरू करतात. खरं तर ही दोन्ही एकच कामं आहेत, कारण माणसं मोजायला आणि वाटायला शिकता शिकताच इन्चार्ज घडते. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. मोजणी न करता प्रशिक्षण सुरू केलंत तर शिकणाऱ्या मुलीला वॉर्डातून सोडायला माणूसच नसतो.

## टप्पा १: आधी कागदावरची माणसं आणि हजर माणसं वेगळी करा

एका मोठ्या वहीत किंवा एक्सेलमध्ये वॉर्डनिहाय तीन आकडे लिहा: मंजूर पदं, भरलेली पदं, आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्ष त्या वॉर्डात ड्युटी केलेली माणसं. तिसरा आकडा पगारपत्रकावरून घेऊ नका. हजेरी रजिस्टर आणि रोजची ड्युटी लिस्ट समोरासमोर ठेवून काढा.

फरक बहुधा इथेच सापडतो. कोणी "तात्पुरती" म्हणून ओटीला (ऑपरेशन थिएटरला) गेलेली असते ती दीड वर्ष तिथेच असते. कोणी विम्याच्या कागदपत्रांच्या टेबलावर बसलेली असते, कोणी प्रतिनियुक्तीवर असते. एखादीला पाठीच्या दुखण्यामुळे हलकी ड्युटी दिलेली असते. नावं सगळी मेडिकल वॉर्डाच्या यादीत, आणि रुग्णाजवळ मात्र कोणी नाही.

मग प्रत्येकीपुढे एक ओळ भरा: शिक्षण (एएनएम, जीएनएम, बी.एस्सी.), रुजू तारीख, जन्मतारीख म्हणजे निवृत्तीचं वर्ष, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत, कोणत्या विभागात किती काळ काम केलं, आणि काय स्वतंत्रपणे करू शकते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो. "सहा वर्षांचा अनुभव" एवढ्याने काही कळत नाही. व्हेंटिलेटरचा रुग्ण एकटी सांभाळते का? रक्त चढवताना रिॲक्शन आली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे तिला ठाऊक आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

सावधान: नोंदणीची मुदत संपलेल्या नर्सची नावं सापडली तर तिथेच थांबा आणि आधी नूतनीकरण करून घ्या. उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

तपासा: वॉर्डांमधल्या हजर माणसांची बेरीज अधिक रजेवरची, इतरत्र पाठवलेली आणि रिकामी पदं, हे सगळं मिळून मंजूर पदांइतकं व्हायला हवं. नाही झालं तर कोणाचं तरी नाव दोनदा आलं आहे किंवा सुटलं आहे.

## टप्पा २: एक नर्स वर्षात किती दिवस येते ते काढा

वर्षाचे दिवस ३६५. त्यातून आठवड्याच्या सुट्या, किरकोळ रजा, अर्जित रजा, सणांच्या सुट्या, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस वजा करा. नियमपुस्तकातल्या रजा धरायच्या, पण आजारपणाचे दिवस तुमच्याच गेल्या दोन वर्षांच्या रजिस्टरवरून घ्या.

समजा असं धरलं: साप्ताहिक सुट्या ५२, किरकोळ ८, अर्जित ३०, सण १०, आजारपण १०, प्रशिक्षण ५. बेरीज ११५. म्हणजे एक नर्स वर्षात २५० दिवस मिळते. वॉर्ड ३६५ दिवस चालतो. ३६५ भागिले २५० म्हणजे १.४६. याचा अर्थ, एका शिफ्टला एक नर्स वर्षभर हवी असेल तर सुमारे दीड पद लागतं.

हा आकडा व्यवस्थापनासमोर ठेवला की पहिली प्रतिक्रिया येते, "एवढं कसं?" केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांतही सुट्या आणि रजा भरून काढायला ४५ टक्के पदं वाढवून धरलेली आहेत. तुमचा हिशेब त्याच्या जवळपास येतो, हे त्यांना दाखवा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत राखीव ३० टक्के आहे. ३० टक्के धरायचे म्हणजे प्रत्येक नर्स वर्षाला सुमारे २८१ दिवस कामावर येते असं मानायचं. तुमच्याकडे येते का, ते रजिस्टर सांगेल.

नाईटनंतरची सुट्टी साप्ताहिक सुट्टीखेरीज देत असाल तर ती वेगळी वजा करा. ती विसरलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की आता कोणाचाही हिशेब हातात आला की सगळ्यात आधी तेच बघते.

बाळंतपणाची रजा या सरासरीत घालू नका. वॉर्डात बारा जणी असतात. एखाद्या वर्षी कोणीच रजेवर नसते, एखाद्या वर्षी तिघी असतात. ती संपूर्ण हॉस्पिटलच्या पातळीवर धरा. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात. वर्षात सहा जणी रजेवर जातील असं दिसत असेल तर ६ गुणिले २६ म्हणजे १५६ आठवडे, म्हणजेच वर्षभराची पूर्ण ३ पदं. ही तीन पदं "राखीव" म्हणून मेट्रनच्या हातात हवीत, कोणत्याही वॉर्डाच्या नावावर नकोत. तरुण मुली भरायच्या आणि बाळंतपणाला "अचानक आलेली अडचण" म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही. सात-आठ महिने आधी कळणारी गोष्ट अचानक कशी?

## टप्पा ३: खाटा नव्हे, रुग्णांची गरज मोजा

सगळ्यात जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो, म्हणून इथे घाई नको.

पहिला गोंधळ प्रमाणाचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डासाठी १:३ असं आहे. पुष्कळ जणांना वाटतं की प्रत्येक शिफ्टला तीन रुग्णांमागे एक नर्स. तसं नाही. हे तिन्ही शिफ्ट मिळून आहे. एका शिफ्टला ते १:९ होतं. म्हणजे ३० खाटांना १० आणि त्यावर ३० टक्के राखीव, एकूण १३. दुसऱ्या टोकाची चूकही होते. एका शिफ्टचं प्रमाण वाचून तेवढीच एकूण माणसं मागतात आणि मग रात्री वॉर्डात एकच मुलगी उरते. म्हणून कोणतंही प्रमाण हातात आलं की दोन प्रश्न विचारा: हे शिफ्टचं की एकूण? राखीव धरून की सोडून?

दुसरा गोंधळ असा की खाट म्हणजे रुग्ण नाही, आणि सगळे रुग्ण सारखेही नसतात. स्वतः चालत बाथरूमला जाणारा आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), कॅथेटर, बेडसोर असलेला पक्षाघाताचा रुग्ण, दोघांनाही खाट एकच लागते.

असं करा. सलग १४ दिवस, रोज सकाळी १० आणि रात्री १० वाजता, वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला अ, ब किंवा क द्या. अ म्हणजे स्वतःचं स्वतः करणारा. ब म्हणजे थोडी मदत, आयव्ही, वारंवार निरीक्षण लागणारा. क म्हणजे सगळ्यासाठी नर्सवर अवलंबून असणारा. मग एका अनुभवी नर्सने घड्याळ घेऊन प्रत्येक गटातले चार-पाच रुग्ण दिवसभर बघायचे आणि २४ तासांत किती वेळ लागला ते लिहायचं. हे काम दुसऱ्या वॉर्डाच्या नर्सला द्या. स्वतःच्या वॉर्डात माणूस नकळत घाईत किंवा सावकाश काम करतो.

उदाहरण घ्या. वेळ निघाला अ ला २ तास, ब ला ४, क ला ६. वॉर्डात सरासरी १२ अ, १२ ब, ६ क. म्हणजे २४ अधिक ४८ अधिक ३६, एकूण १०८ तास. आता सध्याची यादी बघा: मॉर्निंग ५, इव्हिनिंग ४, नाईट ३, म्हणजे दिवसाला १२ ड्युट्या. आठ तासांतला एक तास हँडओव्हर आणि जेवणात जातो, तर हाती ७ तास. १२ गुणिले ७ म्हणजे ८४. गरज १०८ ची, हाती ८४. उरलेले २४ तास कुठे जातात? रुग्णाची कूस बदलायची राहते, इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) अंदाजे भरला जातो, आणि मुली ड्युटी संपल्यावर तासभर बसून नोट्स पूर्ण करतात.

१०८ भागिले ७ म्हणजे दिवसाला १५.४ ड्युट्या. त्याला १.४६ ने गुणा: २२.५, म्हणजे २३ नर्स. सध्याच्याच १२ ड्युट्या कायम ठेवल्या असत्या तरी १२ गुणिले १.४६ म्हणजे १८ लागल्या असत्या. आणि हजर आहेत समजा १४.

जागतिक आरोग्य संघटनेची 'विस्न' (कामाच्या भारावरून माणसं किती लागतात ते काढायची) पद्धतही याच धर्तीवर चालते: माणसाचा उपलब्ध वेळ, कामाचं प्रमाण, प्रत्येक कामाला लागणारा वेळ, आणि शेवटी असलेली माणसं भागिले लागणारी माणसं. इथे १४ भागिले २३ म्हणजे ०.६१. भागाकार १ च्या जितका खाली, तितका वॉर्डावरचा ताण जास्त. सगळ्या वॉर्डांचा हा आकडा काढून एका रांगेत लिहा. नवी भरती झाली की कोणत्या वॉर्डाला आधी माणूस द्यायचा याचं उत्तर त्या रांगेत असतं, आणि मग "माझ्या वॉर्डावर अन्याय" ही तक्रारही बरीच कमी होते.

आयसीयू, ओटी, लेबर रूम आणि कॅज्युअल्टीला हा हिशेब लावू नका. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रत्येक शिफ्टला एक नर्स धरा. ओटीत टेबलं मोजा. लेबर रूममध्ये टेबलं आणि रात्रीच्या बाळंतपणांची संख्या, दोन्ही.

सावधान: इन्चार्ज सिस्टरला या १२ ड्युट्यांत मोजू नका. तिच्या वाट्याला रुग्ण दिले की राउंड, इंडेंट, नातेवाइकांशी बोलणं आणि नवीन मुलींना शिकवणं, यातलं काहीच होत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही मोजायचं नाही. त्या शिकायला आलेल्या असतात.

तपासा: चौदा दिवसांत एखादा सण, मोठा संप किंवा डेंग्यूची लाट आली असेल तर मोजणी पुन्हा करा. आणि शक्य असेल तर एक मोजणी एप्रिलमध्ये आणि एक ऑगस्टमध्ये घ्या.

## टप्पा ४: पुढच्या बारा महिन्यांची गळती आणि गर्दी लिहून काढा

एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा. वरच्या ओळीत माणसं कमी होण्याची कारणं, खालच्या ओळीत रुग्ण वाढण्याची.

वर: निवृत्त्या, ठरलेल्या बाळंतपणाच्या रजा, मे महिन्यातली लग्नं आणि मुलांच्या सुट्या, गणपती, दिवाळी. कोकणातल्या मुली गणपतीला घरी जाणारच. केरळच्या सिस्टर्स ओणम किंवा ख्रिसमसला रजा मागतात. सरकारी भरतीचा निकाल लागला की खासगी हॉस्पिटलमधून एकाच महिन्यात चार-पाच राजीनामे येतात. याखेरीज परदेशाची तयारी करणाऱ्या मुली कोण आहेत हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं, फक्त मेट्रनला नसतं. त्यांना रागावण्यापेक्षा विचारा की कधी जाणार. मोकळेपणाने विचारलंत तर बहुतेक जणी खरं सांगतात.

खाली: जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो. थंडीत दम्याचे रुग्ण. पंढरपूरच्या वाटेवर असाल तर आषाढीचे दिवस.

दोन्ही ओळी एकमेकींखाली ठेवल्या की कोणत्या महिन्यांत खिंडीत सापडणार ते दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबर जवळजवळ सगळीकडेच. तिथून मागे मोजा: जाहिरात, मुलाखत, कागदपत्रं, रुजू होणं यात दोन महिने, पुढे वॉर्डाची ओळख. म्हणजे ऑगस्टची माणसं एप्रिलच्या अखेरीस शोधायला लागायची.

नवीन रुजू झालेली मुलगी पहिल्या दिवसापासून पूर्ण एक म्हणून धरू नका. माझा हिशेब असा: पहिला महिना शून्य, दुसरा-तिसरा अर्धी, चौथ्यापासून एक. व्यवस्थापनाला हे पटवायला वेळ लागतो, पण पहिल्याच आठवड्यात नाईटला एकटी टाकलेली मुलगी दुसऱ्या महिन्यात निघून जाते, हे त्यांच्याच राजीनाम्यांच्या फाइलमध्ये दिसेल.

## टप्पा ५: पुढची इन्चार्ज निवडा, खुर्ची रिकामी होण्याच्या वर्षभर आधी

प्रत्येक वॉर्डात दोन नावं हवीत. एकच ठेवलंत आणि ती गेली तर पुन्हा शून्य.

निवड करताना तीन चुका होतात. पहिली, फक्त सेवाज्येष्ठता. सरकारी व्यवस्थेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) ते परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) हा रस्ता ज्येष्ठतेनेच जातो आणि तिथे हातात फार काही नसतं. पण तयारी कोणाची करून घ्यायची हे तिथेही ठरवता येतं. दुसरी चूक, सगळ्यात हुशार हात असलेली मुलगी निवडायची. अवघड व्हेन झटकन लागणं ही मोठी गोष्ट आहे, पण दहा जणींकडून काम करून घेणं वेगळं. तिसरी आणि सगळ्यात वाईट, कधीच "नाही" न म्हणणारी निवडायची. ती इन्चार्ज झाली की स्वतः डबल ड्युटी करत राहते आणि वरच्यांना वाटतं की वॉर्ड नीट चालला आहे.

मी हे बघते: अवघड शिफ्टला बाकीच्या मदतीसाठी कोणाकडे वळतात? चूक झाली तर स्वतःहून कोण सांगतं? मावशी आणि वॉर्डबॉय कोणाचं ऐकतात, ओरडल्याशिवाय? चुकीची वाटलेली ऑर्डर डॉक्टरांना पुन्हा विचारायला कोण कचरत नाही? हे महिनाभर बघा, आणि रात्रीही जाऊन बघा. दिवसा सगळेच बरे वागतात.

मग तिला बोलावून विचारा. घरी लहान मूल असेल, सासरे आजारी असतील, ती आत्ता नको म्हणेल. तिचं "आत्ता नको" हे "कधीच नको" असं लिहून टाकू नका.

## टप्पा ६: बारा आठवड्यांची तयारी, वॉर्डातच

दोन दिवसांचं नेतृत्वाचं शिबिर, फोटो आणि सर्टिफिकेट, यावर थांबू नका. शिबिरात ऐकलेलं सोमवारी सकाळच्या राउंडला विसरतं. तयारी वॉर्डात आणि जुन्या इन्चार्जच्या शेजारी उभं राहून होते.

आठवडा १ ते ३: शिफ्टची सूत्रं. तिने रुग्णवाटप करायचं. "१ ते १० तू, ११ ते २० तू" असं नव्हे, तर अ, ब, क बघून. क गटातले तीन रुग्ण एकीच्याच वाट्याला आले तर तिने ते आधीच ओळखायला हवं. हँडओव्हर टेबलावर बसून नाही, खाटेजवळ: ड्रेन, आयव्हीची जागा, कॅथेटर डोळ्यांनी बघत. डॉक्टरांना फोन करताना क्रम ठरलेला हवा: आत्ता काय झालं, रुग्णाची पार्श्वभूमी, मला काय दिसतंय, मला काय हवंय. हा क्रम फोनशेजारी भिंतीवर चिकटवा.

आठवडा ४ ते ६: ड्युटी लिस्ट. तिने पुढच्या महिन्याची यादी पेन्सिलने लावायची, इन्चार्जने तपासायची. तपासताना दुरुस्त करून देऊ नका, प्रश्न विचारा. प्रत्येक शिफ्टला कार्डिॲक अरेस्ट सांभाळू शकणारी एक तरी आहे का? इव्हिनिंग संपवून कोणी दुसऱ्या दिवशी लगेच मॉर्निंगला येतेय का? नाईट सगळ्यांना सारख्या आल्या का? गेल्या गणपतीला कोण राहिली होती?

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला कारण आहे. मी इन्चार्ज झाले तेव्हा मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात सीनियर मुलींनी नाईट नको म्हटलं आणि मी तीन नवीन मुलींना एकत्र नाईटला टाकलं. पहाटे तीनच्या सुमारास एक रुग्ण कोसळला. लॅरिंगोस्कोपचे (श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या उपकरणाचे) सेल संपलेले होते आणि नवे कुठे ठेवतात हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली म्हणून तो रुग्ण वाचला. त्या तिघींपैकी एकीने पुढे नर्सिंगच सोडलं. यादी मी लावली होती. आजही मला ती मुलगी आठवते.

आठवडा ७ ते ८: चाव्या आणि रजिस्टरं. इंडेंट स्वतः भरणं, नार्कोटिक्सची मोजणी दोघींनी मिळून करणं, औषधांच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का ते बघणं, क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या गाडीचं) कुलूप आणि डिफिब्रिलेटरची रोजची तपासणी, डेड स्टॉक (वॉर्डातलं कायमचं सामान). तुटलेल्या बीपी ॲपरेटसचा कागद कोणाकडून कोणाकडे जातो हेही. कंटाळवाणं काम आहे, पण नव्या इन्चार्ज बहुतेकदा इथेच अडकतात, कारण चार्ज घेताना मोजून घेतलेलं नसतं.

आठवडा ९ ते १०: माणसं. कालपर्यंत एकत्र डबा खाल्लेल्या मैत्रिणीला आज उशिरा आल्याबद्दल बोलायचं, हे सगळ्यात कठीण. त्याची तालीम मेट्रनच्या खोलीत खरोखर करून घ्या: एकीने चुकलेल्या नर्सचं काम करायचं, दुसरीने इन्चार्जचं. नियम तीन. रुग्ण आणि नातेवाइकांसमोर बोलायचं नाही. "तू नेहमीच" असं म्हणायचं नाही, कोणत्या दिवशी काय झालं तेवढंच. आणि आधी तिचं ऐकायचं. औषधाची चूक झाली तर पहिलं काम रुग्ण बघणं आणि डॉक्टरांना कळवणं, दुसरं नोंद, आणि "कोणी केलं" याआधी "कशामुळे झालं". दोन सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये होत्या का? एकीकडे पंधरा रुग्ण होते का? पहिल्याच चुकीला मेमो दिलात, तर पुढच्या चुका लपवल्या जातील.

आठवडा ११ ते १२: पूर्ण चार्ज. जुनी इन्चार्ज दुसऱ्या वॉर्डात बसेल, फोनवर असेल, पण इथे येणार नाही. हे पाळणं जुन्या इन्चार्जलाच जड जातं.

सावधान: या बारा आठवड्यांत आठवड्यातले किमान दोन दिवस तिच्या वाट्याला रुग्ण नकोत. ते दोन दिवस टप्पा ३ च्या हिशेबात आधीच वेगळे काढलेले असले तरच हे शक्य होतं.

## टप्पा ७: अधिकार लेखी द्या

"आता तू बघ" एवढ्यावर इन्चार्ज करू नका. एका पानाचा आदेश काढा: ड्युटीची अदलाबदल ती मंजूर करू शकते, एका दिवसाची किरकोळ रजा देऊ शकते, वॉर्डात माणूस कमी पडला तर नर्सिंग सुपरवायझरकडे मागू शकते आणि त्याची वेळेसह नोंद करू शकते, शिफ्टला ठरलेल्यापेक्षा कमी नर्स असतील तर नव्याने दाखल होणारे रुग्ण दुसऱ्या वॉर्डाकडे वळवण्याबद्दल ड्युटीवरच्या डॉक्टरांशी बोलू शकते. इन्चार्जचा भत्ता किती आणि कधीपासून, हेही त्याच पानावर. प्रत वॉर्डातल्या सगळ्या डॉक्टरांना आणि प्रशासनाला द्या. ड्युटी लिस्ट वरून परस्पर बदलायची नाही, हे प्रशासनानेही पाळायचं. मेट्रनने एकदा तिला न विचारता यादी बदलली की तिचा शब्द त्या वॉर्डात संपला.

तपासा: ड्युटी लिस्ट महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी फळ्यावर लागते का? व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता ड्युटी बदलली जात असेल, तर अजून कोणाच्याच हातात अधिकार नाही.

## टप्पा ८: मागणी एका पानावर मांडा

विश्वस्त किंवा अधीक्षकांकडे जाताना "स्टाफ खूप कमी आहे" एवढं घेऊन जाऊ नका. ते हे दर महिन्याला ऐकतात. एक पान न्या. वर वॉर्डांची रांग, हजर भागिले गरज. त्याखाली बारा महिन्यांच्या तक्त्यातले अडचणीचे महिने. मग गेल्या वर्षी किती डबल ड्युट्या झाल्या आणि त्याचे पैसे किती गेले. शेवटी मागणी तीन हप्त्यांत: आत्ता किती, सहा महिन्यांनी किती, वर्षाने किती, आणि प्रत्येक हप्ता कोणत्या वॉर्डाला.

२३ हव्यात आणि १४ आहेत म्हणून नऊ जणी एकदम मिळणार नाहीत. मिळाल्या तरी नऊ नवीन मुली एकाच वॉर्डात एकाच वेळी घेणं धोक्याचं आहे, कारण त्यांना शिकवणार कोण? आधी तीन घ्या, त्या चौथ्या महिन्यात पूर्ण एक झाल्या की पुढच्या तीन.

सोबत दोन गोष्टी जोडा: या वॉर्डाची पुढची इन्चार्ज म्हणून कोण तयार होतेय, आणि तिचे बारा आठवडे कोणत्या तारखेपासून. चौदा दिवसांच्या अ, ब, क नोंदींच्या मूळ वहीची प्रत मागणीला लावा आणि एक प्रत वॉर्डात ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच वहीत, त्याच रकान्यांत मोजणी करायची आहे, आणि ती नव्या इन्चार्जने करायची आहे.